तुतीच्या शेडमधला कचरा: खत, अळिंबी आणि रजईपर्यंत

तुतीवर वाढवलेल्या रेशीम अळ्यांची दोनशे अंडीपुंजांची (एक पुंज म्हणजे एका मादीची अंडी) बॅच निघाली की शेडमधून दोन गोष्टी बाहेर पडतात. पहिली म्हणजे कोष. ते जालन्याच्या, नाहीतर कर्नाटकातल्या रामनगरच्या कोषबाजारात जातात. दुसरी म्हणजे रॅकवर उरलेला थर. त्यात उष्टा पाला, सोललेल्या फांद्या, अळ्यांची विष्ठा, कात, चुना आणि चार-दोन मेलेल्या अळ्या असतात. कोष दीडशे किलो भरले तर हा थर दीड-दोन टन भरतो. बहुतेक ठिकाणी तो शेडच्या मागे फेकला जातो आणि तिथे कुजत पडून पुढच्या बॅचला रोग पुरवतो.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. तुतीवाल्याला शंभर दिवस पुरतात. फक्त पहिल्या दिवशी ढीग वेगळे झाले पाहिजेत. या कचऱ्याचे जे काही बरेवाईट व्हायचे ते बेड, म्हणजे रॅकवरचा हा थर, उचलताना ठरते, खताच्या खड्ड्यात नाही.

बेड उचलताना

फांदी पद्धतीत, म्हणजे पाला फांदीसकट घालतात तिथे, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि विष्ठा त्यांच्या जाळीतून खाली बसलेली असते. अळ्या चंद्रिकेवर (कोष विणायच्या जाळीवर) चढल्या की रॅकच्या एका टोकाखाली ताडपत्री अंथरा. फांद्यांची जुडी उचलायची, दोनदा जोरात झटकायची आणि बाहेर टाकायची. विष्ठा आणि पाल्याचा चुरा ताडपत्रीवर राहतो. हे काम त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी उरका. एकूण पाल्यातला ८० ते ८५ टक्के पाला अळ्या पाचव्या म्हणजे शेवटच्या अवस्थेत खातात, म्हणजे विष्ठाही तेव्हाच पडते, आणि तिच्यात पाणी भरपूर असते. थर तसाच राहिला तर एका रात्रीत तापतो आणि अमोनियाचा वास सुटतो. हा वास म्हणजे खतातला नत्र हवेत चालला. वर कोष विणणाऱ्या अळ्यांना त्याचा त्रास होतो तो वेगळाच. ओलसर, कोंदट शेडमध्ये पोचट कोष वाढतात, त्यामागे खालचा न उचललेला थर हे एक मोठे कारण असते.

ढीग चार करायचे: विष्ठा आणि पाला, फांद्या, चुना आणि निर्जंतुकीकरणाच्या पावडरीची झाडझूड, आणि रोगट माल.

रोगट माल ओळखणे अवघड नाही. अंग फुगून पिवळसर झालेली आणि बोट लागताच दुधासारखे पाणी सोडणारी अळी ग्रासरीची. मऊ पडून काळवंडलेली, घाण वास येणारी फ्लॅचरीची. खडूसारखी पांढरी आणि कडक झालेली मस्कर्डाइनची. या अळ्या हाताने उचलू नका, चिमटा वापरा. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि ३० ग्रॅम विरलेला चुना घालून टोपले भरून ठेवा आणि त्यात त्या टाका. नंतर शेड आणि तुती दोन्हींपासून लांब, तीन फूट खोल पुरा.

बॅचमध्ये रोग चार-सहा अळ्यांवर थांबला असेल तर उरलेला बेड खताला चालतो. ट्रेमागून ट्रे मेले असतील तर तो सगळा माल वेगळ्या खड्ड्यात जाऊ द्या आणि खत झाल्यावर ऊस, कापूस अशा दुसऱ्या पिकाला घाला, तुतीला नको. ग्रासरीचे विषाणू ज्या कवचात बसतात ते कवच मातीत दीर्घकाळ टिकते. खड्ड्याच्या मध्यभागी उष्णतेने ते मरते, पण कडेच्या थंड मालात राहून जाते. तेच पुढे पावसाच्या शिंतोड्याबरोबर खालच्या पानांवर चढते.

रेशीम अळीच्या अंगावर वाढणाऱ्या उझी माशीच्या अळ्याही याच थरात आणि जमिनीच्या फटीत जाऊन कोशावस्थेत बसतात. झाडताना दिसल्या तर लिटरला पाच ग्रॅम साबण घातलेल्या पाण्यात टाका. खताचा खड्डा मातीने लिंपून का बंद करायचा, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

खड्ड्यातले खत

एक हेक्टर तुतीबागेतून वर्षाला सुमारे १५ टन कचरा निघतो, असा रेशीम संशोधन संस्थांचा ढोबळ हिशोब आहे. त्यात २८० ते ३०० किलो नत्र, ९० ते १०० किलो स्फुरद आणि १५० ते २०० किलो पालाश असते. व्ही-१ वाणाच्या बागायती तुतीला हेक्टरी वर्षाला ३५०:१४०:१४० किलो नत्र, स्फुरद आणि पालाशाची शिफारस आहे. आकडे शेजारी ठेवले तर वाटते की रासायनिक खत घ्यायलाच नको. तसे होत नाही. कुजताना नत्राचा मोठा भाग उडतो आणि उरलेला पिकाला सावकाश मिळतो. नीट झालेल्या एक टन ओलसर खतात साधारण १० ते १२ किलो नत्र धरा. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ते २०.७ किलो असते. म्हणजे टनभर खताचा नत्र अर्ध्या गोणीएवढा, आणि अनुदानाच्या भावाने त्याची किंमत दीडशे रुपयांच्या आतच. मग एवढी मेहनत कशासाठी? सेंद्रिय कर्बासाठी. वर्षातून पाच वेळा मुळापर्यंत छाटायची, पाच वेळा सगळा पाला उचलून न्यायचा आणि जमिनीला परत काहीच द्यायचे नाही, अशी बाग सहाव्या-सातव्या वर्षी पिवळी पडते. पान पातळ होते, कोषाचे वजन घटते आणि दोष चॉकीवर (लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रावर) जातो.

खड्डा १५ फूट लांब, ५ फूट रुंद, ३ फूट खोल. एका बॅचचा माल एका खड्ड्यात बसतो. वर्षाला पाच-सहा बॅच घेणाऱ्याने निदान दोन खड्डे करावेत, म्हणजे एक भरताना दुसरा पिकतो. जागा शेडपासून शंभरेक फूट दूर हवी आणि वाऱ्याच्या दिशेचा विचार करून निवडा, म्हणजे खड्ड्यावरचा वारा शेडमध्ये शिरणार नाही. काळ्या जमिनीत पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते. तिथे तेवढ्याच मापाचा विटांचा हौद जमिनीवर बांधा आणि विटांमध्ये हवेसाठी फटी ठेवा.

फांद्या आख्ख्या टाकू नका. शंभर दिवसांनी खत उपसताना त्या जशाच्या तशा हाती येतात आणि मजूर वैतागतात. कडबा कुट्टीतून दोन-तीन इंचांचे तुकडे करा. दोन दिवस सुकलेली फांदी कुट्टीत सरळ जाते. ओल्या फांदीची साल पात्याला गुंडाळली जाते.

थर असे लावा:

१. तळाला सहा इंच फांद्यांचे जाडसर तुकडे. हवा खेळते, जास्तीचे पाणी निथळते.

२. त्यावर सहा-आठ इंच विष्ठा, पाला आणि बारीक तुकड्यांचे मिश्रण. मोजायला घमेले वापरा: दोन घमेली विष्ठा-पाल्याला एक घमेले तुकडे. नुसती विष्ठा टाकली तर थर चिकटून घट्ट बसतो, आत हवा जात नाही आणि सडका वास सुटतो. नुसत्या फांद्या टाकल्या तर वर्षभर कुजत नाहीत.

३. शेणकाला: १०० लिटर पाण्यात १५ ते २० किलो ताजे शेण. प्रत्येक थर भिजेल एवढाच शिंपडा.

४. प्रत्येक थरावर थोडे थोडे रॉक फॉस्फेट किंवा सिंगल सुपर फॉस्फेट, सगळ्या खड्ड्याला मिळून १५ ते २० किलो. सुपर फॉस्फेटने अमोनिया थोडाफार धरून ठेवला जातो.

असे थर जमिनीच्या वर एक-दीड फूट येईपर्यंत रचा आणि शेण-मातीने लिंपून घ्या. आठ-दहा दिवसांत ढीग खचतो.

चुना मात्र घालू नका. कुजायला मदत होईल म्हणून काहीजण वरून चुना टाकतात आणि नेमके नुकसान करतात. विष्ठेवर चुना पडला की अमोनिया सुटतोच. मोल्टच्या (अळ्या कात टाकतात त्या) वेळी बेडवर मारलेला चुना आधीच मालात असतो, तेवढा पुरे. चुना-पावडरीच्या झाडझुडीचा तिसरा ढीग म्हणूनच वेगळा ठेवायचा. तो पातळ पसरून बांधावर किंवा पडीक जागेत टाका. शेड धुतलेले ब्लीचिंगचे पाणीही खड्ड्यात सोडू नका. कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

आणखी एक चूक बाजारातून विकत आणली जाते. खत "समृद्ध" करायला म्हणून जैविक पावडरींचे पुडे आणून मिसळतात. ट्रायकोडर्मा, अ‍ॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू चालतात. खड्डा थंड झाल्यावर टनाला एक किलो मिसळा. पण बिव्हेरिया, मेटारायझियम किंवा बीटी (अळ्या मारणारे जिवाणू) असलेले काहीही तुतीच्या जवळ आणू नका. बिव्हेरिया ही अळ्या मारणारी बुरशी आहे आणि मस्कर्डाइन तिच्यामुळेच होतो. कीड मारायला आणलेली वस्तू रेशमाच्या अळीला ओळखत नाही. पुड्याच्या मागची बारीक अक्षरे वाचा. शेजारचा शेतकरी कपाशीवर हेच फवारत असेल तर त्यालाही आधीच सांगून ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर आत ५५ अंशांच्या वर तापमान आहे, काम बरोबर चालले आहे. कोमट लागली तर ओल कमी आहे किंवा विष्ठा कमी पडली. सळईला काळा चिकट चोथा आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त झाले. उलथून त्यात कोरडे तुकडे किंवा सोयाबीनचे भुसकट मिसळा. ओल तपासायला मूठभर माल दाबून बघा: बोटांच्या फटीत ओलावा दिसावा, पण थेंब पडू नये.

विसाव्या आणि चाळिसाव्या दिवशी पलटी द्या. पलटताना कडेचा माल मध्ये आणि मधला कडेला गेला पाहिजे. रोगजंतू मारण्यासाठी हीच पलटी महत्त्वाची, तोंडदेखली वरखाली करून उपयोग नाही. ९० ते १०० दिवसांत काळपट तपकिरी, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत तयार होते. छाटणी झाली की लगेच सरीत टाकून मातीआड करा. उघड्यावर पसरलेले खत मराठवाड्याच्या उन्हात वाया जाते.

गांडुळांकडे कधी वळायचे

विष्ठा बारीक आणि मऊ असल्याने गांडुळे ती आवडीने खातात, पण ताजी नाही. ताज्या विष्ठेत उष्णता आणि अमोनिया दोन्ही असतात. पहिले २० ते २५ दिवस माल खड्ड्यातच अर्धवट कुजू द्या, मग बाहेर काढून दोन दिवस पसरून गार करा. शंका असेल तर डबाभर मालात वीस गांडुळे सोडून झाका. २४ तासांनी सगळी आत शिरलेली असतील तर माल तयार. डब्याच्या कडांवर चढून बसली असतील तर आठवडाभर थांबा. या साध्या चाचणीचा कंटाळा करणारे दोन-दोन किलो गांडुळे एका रात्रीत घालवतात.

बाजारात मिळणारा १२ बाय ४ बाय २ फुटांचा प्लास्टिकचा व्हर्मीबेड टनभर मालाला पुरतो. तळाला चार इंच पाचट किंवा भुसकट, त्यावर दोन इंच शेणखत, मग अर्धकुजलेला माल दीड फुटापर्यंत. आयसेनिया फेटिडा जातीची दोन किलो गांडुळे वर सोडा; ती आपणहून खाली जातात. वर ओले गोणपाट. सावली हवीच. तुतीच्या शेडची जुनी शेडनेट असते, ती दुहेरी करून बांधा. ३५ अंशांच्या वर गांडुळे खाणे थांबवतात, म्हणून एप्रिल-मे मध्ये दिवसातून दोनदा हलके पाणी, आणि शक्य असेल तर त्या दोन महिन्यांत नवा बेड सुरूच करू नका. बेडच्या चारही बाजूंना पाण्याची चारी किंवा पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या तर लाल मुंग्या येत नाहीत. कोंबड्या मोकळ्या असतील तर वरून जाळी टाका.

वरचा थर चहापत्तीसारखा रवाळ दिसू लागला, साधारण ५० ते ६० दिवसांत, की पाणी बंद करा. चार-पाच दिवसांनी गांडुळे ओल शोधत खाली जातात, तेव्हा वरचे खत हाताने गोळा करा. फावडे चालवू नका. टनभर मालातून पाच-सहा क्विंटल खत निघते.

खड्ड्याचे खत आणि गांडूळखत यांतून एकच निवडायचे तर स्वतःच्या तुतीसाठी खड्ड्याचे पुरे. गांडूळखत विकायचे असेल, किंवा घरी नर्सरी, भाजीपाला असेल, तरच या वाढीव मजुरीला अर्थ आहे.

उष्टा पाला जनावरांना?

तुतीच्या पाल्यात कोरड्या वजनावर १८ ते २५ टक्के प्रथिने असतात, शेळ्या तुटून पडतात. पण बेडवरचा उष्टा पाला देऊ नका. त्यावर निर्जंतुकीकरणाची पावडर असते आणि त्यातल्या काहींत चुन्याबरोबर पॅराफॉर्माल्डिहाइड असते. बॅच संपल्यावर बागेत उरलेला, बेडवर न गेलेला पाला मात्र खुशाल द्या. हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. विष्ठा वाळवून जनावरांच्या खाद्यात मिसळण्याचा सल्लाही कुठे कुठे दिला जातो. पावडर न वापरता कीटक वाढवत असाल तरच तो मनावर घ्या, म्हणजे जवळजवळ कोणीच नाही.

फांद्यांवर धिंगरी अळिंबी

साठ-सत्तर दिवसांच्या फांद्या कलमाला कोवळ्या पडतात. बेण्याला सहा-आठ महिन्यांची पक्की काडी लागते. चुलीला त्या चालतात. पण सुकलेल्या फांद्यांचे बारीक तुकडे सोयाबीनच्या भुसकटात मिसळले तर धिंगरी (ऑयस्टर मशरूम) चांगली येते. नुसत्या फांद्यांवर बुरशी हळू पसरते, कारण लाकूड घट्ट असते आणि पाणी कमी धरते. कोरड्या वजनावर ६० टक्के भुसकट, ४० टक्के फांद्यांचे एक इंचापर्यंतचे तुकडे हे प्रमाण ठेवा. फांद्या निरोगी बॅचच्या, झटकलेल्या आणि उन्हात कडक वाळवलेल्या हव्यात. विष्ठा चिकटलेली असेल तर जास्तीच्या नत्रावर हिरवी बुरशी आधी धावते.

तुकडे १६ तास आणि भुसकट ८ तास वेगवेगळे भिजवा. मग दोन्ही एकत्र पोत्यात भरून ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. पाणी उकळायची गरज नाही, पण ८० च्या खालीही उतरू देऊ नका. निथळून, गार करून मुठीत दाबल्यावर थेंब पडत नाही एवढा कोरडा करा. १४ बाय २२ इंचांच्या पिशवीत तीन-चार इंचांचे थर लावत कडेने स्पॉन (अळिंबीचे बी) पेरा: एक किलो कोरड्या मालाला १०० ग्रॅम. तोंड बांधा, सुईने २० ते २५ छिद्रे पाडा.

२४ ते २८ अंशांत, अंधारात १८ ते २२ दिवसांत पिशवी पांढरी होते. मग प्लास्टिक काढा, दिवसातून तीन-चार वेळा भिंती-जमिनीवर पाणी मारून ओलावा ८० टक्क्यांवर ठेवा आणि थोडा उजेड, थोडा वारा येऊ द्या. आठवड्याभरात पहिली तोडणी मिळते. देठ लांब आणि छत्री लहान आली तर हवा कमी पडते आहे. छत्रीच्या कडा पिवळ्या होऊन वाळल्या तर ओलावा कमी आहे. तीन तोडण्यांत कोरड्या मालाच्या निम्म्याहून अधिक वजनाची ताजी अळिंबी मिळायला हवी. मराठवाड्यात हे काम जुलै ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात कूलरवर जोर देऊन खर्च निघत नाही.

एक बंधन पाळा. दोन बॅचच्या मध्ये शेड रिकामी आहे म्हणून अळिंबीच्या पिशव्या तिथे टांगू नका. बारा महिने निर्जंतुक ठेवायच्या जागेत ओलावा आणि बुरशीचे बीजाणू मुद्दाम आणण्यासारखे आहे ते. वापरून झालेल्या पिशव्यांतला माल गांडुळांना घाला. फांदी तोवर बुरशीने मऊ केलेली असते आणि गांडुळे ती लवकर संपवतात.

बायोगॅसला विष्ठा चालते, शेणाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. फांदीचा तुकडाही आत जाता कामा नये, नाहीतर नळी तुंबते.

पोचट, डबल आणि डागी कोष

हा कचरा सगळ्यात थोडा आणि सगळ्यात मोलाचा. डबल म्हणजे दोन अळ्यांनी मिळून विणलेला एकच कोष. बाजारात नेताना तो चांगल्या मालात दडवला तर सगळ्या लॉटचा भाव पडतो. वेगळा काढला तर व्यापारी जवळजवळ फुकट नेतो. म्हणून तो घरी ठेवण्यात अर्थ आहे, फक्त ओला ठेवू नका. आतला कोश (प्यूपा, अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था) जिवंत असेल तर दहा-बारा दिवसांत पतंग भोक पाडून बाहेर येतो, आणि मेलेला कोश सडून कोष डागाळतो. कोषाच्या टोकाला ब्लेडने कापून आतला कोश आणि कात काढून टाका आणि कवच दोन दिवस उन्हात वाळवा. कोश आत ठेवून साठवलेल्या पोत्यांना भुंगेरे लागतात, ते कोशाबरोबर रेशीमही कुरतडतात.

कवचात २० ते ३० टक्के सेरिसिन म्हणजे डिंक असतो आणि उरलेले फायब्रॉइन म्हणजे खरे रेशीम. डिंक काढण्याची कृती एक किलो कवचासाठी:

स्टीलच्या पातेल्यात ३० लिटर पाणी घ्या. लोखंडाचे डाग पडतात आणि ॲल्युमिनियमला सोडा खातो. पाणी मऊ हवे. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटून पांढरा साका होतो, तो रेशमावर बसला की रंग धरत नाही. साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरा. १५० ग्रॅम साधा, बिनवासाचा साबण किसून आणि ३० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. कवच सैल कापडी पिशवीत बांधून बुडवा आणि ९० ते ९५ अंशांवर ४५ ते ६० मिनिटे ठेवा, अधूनमधून पिशवी उलटवत. खळाखळा उकळू देऊ नका, तंतू तुटून कापसासारखे फुसफुशीत होतात. सोडा वाढवून वेळ वाचवण्याचा मोह टाळा. रेशीम म्हणजे प्रथिन, अल्कली त्याला खाते.

झाले की नाही हे बोटाला कळते. ओले रेशीम चिकट न लागता निसटते आणि चिमटीत घासल्यावर करकरते. दोनदा गरम पाण्यात, एकदा गार पाण्यात खळबळा, शेवटच्या पाण्यात लिटरला चमचाभर पांढरे व्हिनेगर घाला. पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा. किलोचे साडेसातशे ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. नऊशे भरले तर डिंक राहिला, पुन्हा वीस मिनिटे ठेवा. सहाशेवर आले तर तंतूही गेला.

उरलेल्या पाण्यात साबण आणि सोडा असतो. ते तुतीत किंवा खड्ड्यात ओतू नका. काळ्या जमिनीला सोडियम आधीच नको असते. शोषखड्ड्यात जाऊ द्या.

आता रजई. वाळवण्याआधीच, डिंक निघालेले कवच पाण्याने भरलेल्या घमेल्यात एकेक घेऊन बोटांनी उघडा आणि फूटभर लांबी-रुंदीच्या लाकडी चौकटीच्या चार खिळ्यांवर ताणून बसवा. एकावर एक आठ-दहा बसवले की पातळ चौकोनी पापुद्रा तयार होतो. तो वाळला की उतरवायचा. असे पापुद्रे रजईच्या मापात ओढून, एक थर उभा आणि एक आडवा, मलमलच्या खोळीत भरतात. एका माणसाच्या रजईला किलोभर रेशीम लागते. हिशोब असा: एका कवचातून डिंक जाऊन पाव ग्रॅमच्या आसपास उरते, म्हणजे किलोला चार हजार कोष. दोनशे अंडीपुंजांच्या बॅचमध्ये ऐंशी-नव्वद हजार कोष होतात. त्यात पाच टक्के टाकाऊ धरले तर एका बॅचमागे जेमतेम एक रजई. एकट्याने हा धंदा होत नाही. गावातल्या आठ-दहा शेडचा माल एका बचत गटाकडे आला तरच पातेले रोज चुलीवर चढते. डबल कोष यासाठी उत्तम, कवच जाड असते. पोचटाचे वजनच भरत नाही.

सूत काढायचे असेल तर हेच पापुद्रे टकळीवर किंवा चरख्यावर जातात. सूत जाडेभरडे येते, गाठी राहतात. बंगालात अशा भोक पडलेल्या कोषांच्या सुताला मटका म्हणतात आणि त्याचे कापड आवडीने घेतात. गाठी लपवण्याच्या नादी न लागता तसेच विका.

कोषांपासून बनवायच्या हार-फुलांना डिंक काढलेले कोष चालत नाहीत, कारण आकार डिंकामुळेच टिकतो. इथे फक्त पांढरेशुभ्र, कापलेले, वाळलेले कवच घ्या. रंगवताना पाणी ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, पंधरा-वीस मिनिटे पुरतात. त्यापेक्षा गरम झाले की पाकळी लुळी पडते. डागी कोष गडद रंगात खपतात.

डिंकही वाया घालवायचा नसेल तर साबण-सोडा न वापरता काढा: स्वच्छ कवच त्याच्या वीसपट पाण्यात प्रेशर कुकरमध्ये, पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर तासभर. गाळलेले पिवळसर पाणी गार झाल्यावर जेलीसारखे जमते. हे सेरिसिन. हाताने बनवायच्या साबणात पाण्याच्या जागी ते वापरतात. फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच टिकते, मग वास येतो. घरापुरते ठीक, विकायचे तर सौंदर्यप्रसाधनांच्या परवान्याची चौकशी साचा घेण्याआधी करा.

कोश

कोष कापून निघालेले थोडे कोश घरच्या कोंबड्या संपवतात. कोषांतून धागा काढणाऱ्या रीलिंग युनिटमध्ये मात्र ते क्विंटलने निघतात आणि घाई तिथेच करावी लागते: उकळलेला ओला कोश उन्हाळ्यात पाच-सहा तासांत आंबतो. त्याच दिवशी ताडपत्रीवर एका थरात पसरा, दर तासाला हलवा, आणि चिमटीत कुडकुडीत मोडेपर्यंत वाळवा. कोरड्या कोशात निम्म्याहून अधिक प्रथिने आणि २५ ते ३० टक्के तेल असते. हे तेल खवट होते, म्हणून न पिळलेला कोश महिनाभरात वापरा. घाण्यावर तेल काढलेली पेंड जास्त टिकते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात मासळीच्या भुकटीऐवजी पाच टक्क्यांपर्यंत घाला; त्यावर गेलात की अंड्याला वास येतो आणि गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जाते.